दिव्यावरचा अंधार

व्हायवाला हा प्रश्न आजवर कुणाला विचारल्याचं ऐकलं नाही, पण विचारायला हवा असं माझं मत आहे. पाच-सात वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या एखाद्या कारपुढे जा. हेडलाईटची काच पिवळट, दुधाळ झालेली असेल. तिच्यावर तांब्याभर पाणी ओता. काच एकदम लख्ख! आतला बल्ब, रिफ्लेक्टर, सगळं दिसायला लागतं. आता पाच मिनिटं थांबा. पाणी वाळलं की काच पुन्हा मोतीबिंदू झाल्यासारखी. तो मळ होता म्हणावं, तर पाण्याने गेलेला मळ परत आला कुठून?

ज्याला याचं उत्तर नीट देता येईल, त्याला हेडलाईट घरच्या घरी दुरुस्त करता येईल. ज्याला येणार नाही तो टूथपेस्ट घासत बसेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण तिला काच म्हणतो, पण ती काच नाही. ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आहे. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स या दोघांनी ते एकमेकांना पत्ता नसताना जवळजवळ एकाच वेळी तयार केलं. फॉक्ससाहेब खरं तर वायरवर चढवायचं आवरण शोधत होते. घन म्हणून काचेच्या निम्म्याहून हलकं (घनता १.२, काचेची २.५), हातोडी मारली तरी सहज न फुटणारं, आणि पारदर्शक. वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर उभं राहताना आपण जे गॉगल घालतो (किंवा सर आले की घालतो) ते बहुतेक याचेच. सीडी याचीच. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांच्या डोक्यावरचा पारदर्शक गोळा याचाच.

जुन्या अॅम्बेसेडरचे, पद्मिनीचे गोल दिवे खऱ्या काचेचे होते. दगड लागला तर फुटतील, पण उन्हाने पिवळे पडणार नाहीत. अमेरिकेत तर १९४० पासून ठरावीक आकाराचे सीलबंद काचेचे दिवेच लावायचे असा नियम होता. तो १९८३ मध्ये सैल झाला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन गाडीला प्लास्टिकच्या काचेचे दिवे आले. नंतर सगळ्या जगानेच तो रस्ता धरला, कारण प्लास्टिक हव्या त्या आकारात ओतता येतं, वजन कमी होतं आणि गाडीचं नाक हवेला कापत जाईल असं निमुळतं करता येतं. मटेरियल सिलेक्शनच्या पेपरात लिहायला झकास उदाहरण. फक्त या मटेरियलला एक दुखणं आहे, ते म्हणजे ऊन.

सूर्याच्या अतिनील किरणांत किती जोर असतो ते काढून बघू. ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची ऊर्जा मोलमागे साधारण ४०० किलोज्युल भरते. कार्बन-कार्बनचा साधा बंध तोडायला ३५० च्या आसपास पुरतात. म्हणजे हिशोब उघड आहे. पॉलिकार्बोनेट हे किरण शोषून घेतं, त्याच्या साखळ्या तुटतात, तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि पिवळ्या रंगाची संयुगं तयार होतात. कंपनीला हे माहीत असतं. म्हणून दिवा तयार झाला की वरून काही मायक्रॉन जाडीचा एक कडक, पारदर्शक थर देतात. त्यात अतिनील किरण पिऊन टाकणारी द्रव्यं असतात. नवा दिवा टिकतो तो या थराच्या जिवावर. पण थरही ऊन पिऊन पिऊन थकतो. त्याला बारीक भेगा पडतात, तो पापुद्र्यासारखा सुटायला लागतो, आणि मग खालचं प्लास्टिक उघड्यावर येतं.

आपल्या लातूर-नांदेडकडचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर, आणि गाड्या कडुनिंब सापडला तर सावलीत, नाहीतर भर उन्हात. मामांची गाडी रेणापूरला घरासमोर कायम पश्चिमेकडे तोंड करून लावलेली असायची. डाव्या बाजूला कडुनिंब. डावा दिवा नुसता धुरकट झाला होता, उजवा मात्र हळद लावल्यासारखा पिवळा. एकाच दिवशी बसवलेले, एकाच कारखान्यातले दोन दिवे, पण एकाला सावली मिळाली आणि दुसऱ्याला नाही. कंट्रोल्ड एक्स्पेरिमेंट म्हणतात तो याहून वेगळा काय असतो!

आता यात एवढं मनावर घेण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. दिसायला गाडी म्हातारी दिसते, एवढंच ना? एवढंच नाही. रेणापूर म्हणजे उसाचा पट्टा. तालुक्यातच रेणा साखर कारखाना आहे. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू झाला की रात्रभर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, ट्रक आणि टायरगाड्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या मागे ऊस लोंबत असतो. लाल दिवा असला तर तो उसाआड गेलेला, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. टायर फुटलेली ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे दोन दगड आणि उसाची मोळी ठेवलेली, हे दृश्य लातूर रस्त्याला कुणी पाहिलं नसेल तर तो रात्री घराबाहेरच पडला नसेल.

मामा रात्री लातूरहून परत येतात. दोन हंगामांपूर्वी अशीच एक ट्रॉली त्यांना इतकी उशिरा दिसली की गाडी कच्च्या साईडपट्टीवर उतरवावी लागली. कुणाला काही झालं नाही. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "डोळे तपासायला पाहिजेत आता." डोळे तपासले, चष्म्याचा नंबर होता तोच निघाला. मग मी दिव्यांकडे बघितलं.

थोडं गणित करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. काहीतरी दिसलं, डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, याला दीड सेकंद धरा. पंचवीस मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करतो असं धरलं तर थांबायला आणखी वीस मीटर. एकूण पंचेचाळीस. डिपरवर साध्या हॅलोजन दिव्यात एखादी काळपट, न चमकणारी वस्तू फार तर पन्नास-साठ मीटरवरून ओळखू येते, तेही काच स्वच्छ असेल तर. हाताशी उरले पाच ते पंधरा मीटर. काच धुरकट झाली की पहिल्यांदा जातात ते हेच मीटर. (ताशी ८० ला हाच हिशोब अडुसष्ट मीटरवर जातो, म्हणजे डिपरवर नव्या दिव्यालाही तो झेपत नाही. ज्यांना ८० ने जायची सवय आहे त्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा.)

आणि धुरकट काच प्रकाश नुसता अडवते असं नाही, ती तो उधळते. डिपरचा उजेड वरून कापलेला असतो, म्हणजे एका रेषेच्या वर जायचाच नाही, जेणेकरून समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये. दुधाळ काचेतून निघाला की तो ही शिस्त विसरतो आणि सगळीकडे पसरतो. आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरचा आपल्याला शिव्या घालतो, दोन्ही एकाच वेळी!

यावर आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे ६०/५५ वॅटचा बल्ब काढून १००/९० चा टाकणे. हा उपाय कुणी सुचवला तर त्याला ओहमचा नियम विचारा. ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, १०० ला ८.३. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे पावणेतीन पट. वायर, स्विच आणि होल्डर कंपनीने त्या हिशोबाचे दिलेले नसतात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो, आणि उजेड उधळायचा तो उधळतोच, उलट जास्त.

आता पाण्याच्या कोड्याकडे येऊ. खराब झालेल्या काचेचा पृष्ठभाग म्हणजे नांगरून टाकलेलं काळं रान समजा. नुसती ढेकळं. प्रकाशाचा किरण प्रत्येक ढेकळावर वेगळ्या कोनातून बाहेर पडतो, वेगळीकडे वळतो. किती वळेल हे दोन माध्यमांच्या अपवर्तनांकातल्या फरकावर अवलंबून. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक १.५८, हवेचा १. फरक मोठा. पाणी ओतलं की ते खाचांत बसतं. त्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे फरक निम्म्याहून कमी होतो. शिवाय पाण्याचा वरचा पृष्ठभाग सपाट असतो. किरण जवळजवळ सरळ बाहेर पडतो आणि काच साफ दिसते. मळ गेलेलाच नसतो, कारण तो मळ नसतोच. खड्डे तेवढ्यापुरते भरलेले असतात.

हे एकदा कळलं की बाजारातल्या अर्ध्या जादू आपोआप उघड्या पडतात. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवून काच चकाचक करून देणारे भेटतात. ते खाचांत तेल भरतात, धुळीने आणि पावसाने ते गेलं की पहिले पाढे पंचावन्न. डासांच्या मलमातलं डीट लावलं तरी काच साफ दिसते, कारण ते प्लास्टिकचा वरचा थर मऊ करून पसरवतं. थिनर, पेट्रोल, अॅसिटोन तर हातात धरू नका. पॉलिकार्बोनेटला त्याने आतपर्यंत तडे जातात, आणि ते कशानेही निघत नाहीत. राहिली टूथपेस्ट. तिच्यात बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे थोडा फरक पडतो हे खरं. पण ती पूड दातांसाठी बेतलेली आहे. कडक थराचे सुटलेले पापुद्रे तिच्याने निघत नाहीत, आणि जेवढा भाग उघडा पडतो त्याला उन्हापासून वाचवायला काही नसतं. महिना-दोन महिन्यांत पिवळेपणा परत.

म्हणजे काम दोन आहेत. मेलेला थर पूर्ण काढायचा आणि त्या जागी नवा द्यायचा. पहिलं काम सगळे करतात, दुसरं करायचा कंटाळा करतात.

शोरूममध्ये दोन्ही दिवे नवे बसवायचा आकडा ऐकून मामा म्हणाले होते, "एवढ्यात तर म्हशीचं वासरू येतंय की रे." माझं सामान सातशेच्या आसपास बसलं. लातूरला रंगाच्या दुकानातून ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, आणि अतिनील किरणांपासून संरक्षण असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला क्लिअर कोटचा स्प्रे. घरातून जुनी सुती बनियन, भांडी घासायचा मऊ स्पंज आणि पाण्याची स्प्रे बाटली. पाण्याबद्दल एक सूचना. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, वाळलं की पांढरे डाग सोडतं, म्हणून शेवटच्या धुण्याला फिल्टरचं पाणी घ्यावं. आणि बाटलीनेच मारावं, नळी लावून बसू नये. ज्या जिल्ह्याला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथे हे वेगळं सांगायची गरज नाही. दोन लिटरमध्ये दोन्ही दिवे होतात.

आधी दिवा साबणाने धुऊन भोवतीच्या रंगावर टेप दुहेरी लावायची. पेपर एकदा जरी बॉनेटवर घसरला तर नवा उद्योग मागे लागेल. मग ८०० चा पेपर पाण्यात भिजवून, स्पंजवर गुंडाळून घासायला सुरुवात. दिव्याला गोलाई असते म्हणून मागे लाकडाचा ठोकळा नको, मऊ काहीतरी हवं. पाणी सतत मारत राहायचं, त्यात साबणाचा एक थेंब. सुरुवातीला खाली ओघळणारं पाणी पिवळट असतं. ते पांढरं व्हायला लागलं आणि सगळीकडे हाताला सारखं लागायला लागलं की समजायचं जुना थर गेला. मधेच बेटासारखे चमकदार ठिपके राहिले असतील तर तो जुना थरच आहे, तिथे अजून घासायचं. सगळ्यात जास्त वेळ इथेच लागतो, एका दिव्याला मला अर्धा-पाऊण तास लागला, आणि हाच टप्पा घाईत उरकला जातो.

या वेळी दिवा आधीपेक्षा भयानक दिसतो. पांढराफटक. मामा बाहेर येऊन म्हणाले, "काय करायलास रे, पार आंधळा केलास की त्याला!" मी पाणी मारून दाखवलं. लख्ख. ते काही न बोलता आत गेले आणि चहा घेऊन आले.

पुढचे पेपर म्हणजे नांगरटीनंतरच्या वखराच्या पाळ्या. पहिली पाळी उभी घातली तर दुसरी आडवी, तसंच इथेही. ८०० आडवा फिरवला तर १००० उभा, मग १५०० पुन्हा आडवा. कारण असं की आधीच्या पेपरचे ओरखडे वेगळ्या दिशेचे असले तरच ते पूर्ण गेले का हे दिसतं. ८०० च्या पेपरचा कण सुमारे २२ मायक्रॉनचा, १००० चा १८, १५०० चा साडेबारा, २००० चा दहा. मधला नंबर गाळून थेट ८०० वरून २००० वर उडी मारली तर मोठी ढेकळं तशीच राहतात आणि त्यांच्यावर बारीक पॉलिश होतं. तासभर घासून दमल्यावर लोक म्हणतात, पेपर डुप्लिकेट आहे!

इथून पुढे दोन वाटा फुटतात, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. ओरखडे त्याहूनही लहान झाले की प्रकाशाला ते जाणवत नाहीत, शेणाने सारवलेल्या खळ्यावरून पाय फिरवावा तसा तो निघून जातो. तेवढी गुळगुळीत काच करायची तर २००० नंतर ३००० चा पेपर आणि मग रबिंग कंपाउंड. ही पहिली वाट. यात चमक ताबडतोब येते, पण प्लास्टिक उघडंच राहतं. वरून वॅक्स लावलं तरी ते दर काही आठवड्यांनी लावत राहावं लागतं.

दुसरी वाट क्लिअर कोटची, आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे. या वाटेने जायचं तर कंपाउंड मारायचंच नाही. त्यातलं तेल-मेण पृष्ठभागावर राहतं आणि वर मारलेला कोट माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. शिवाय कोटला धरायला थोडा खरखरीतपणा लागतोच. पण मग ओरखडे राहणार त्यांचं काय? इथे पाण्याचं कोडं कामाला येतं. क्लिअर कोटचा अपवर्तनांक दीडच्या जवळपास, म्हणजे पाण्यापेक्षा पॉलिकार्बोनेटच्या कितीतरी जवळ. तो खाचांत बसतो आणि तिथेच वाळतो. म्हणून घासून झालेल्या काचेवर पाणी मारल्यावर जेवढी साफ दिसते, तेवढी किंवा त्याहून थोडी बरीच ती कोटनंतर कायमची दिसणार. पाणी मारूनही ओरखडे दिसत असतील तर डबा हलवायलाच घेऊ नका, पेपरकडे परत जा.

कोट मारायला सकाळची वेळ धरावी. दुपारी पत्रा इतका तापलेला असतो की फवारा काचेवर पोचण्याआधीच वाळतो आणि वाळूसारखा बसतो. श्रावणातल्या दमट हवेत तोच कोट दुधाळ होतो. वारं नको, कारण आमच्या वाऱ्यात नेहमी कुणाचं तरी शेत उडत असतं. काच पूर्ण कोरडी करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, बॉनेट आणि बंपर वर्तमानपत्राने झाकायचं. पहिला हात अगदी धुक्यासारखा. एकदम ओला थर दिला तर स्प्रेमधलं द्रावण प्लास्टिकमध्ये शिरून तडे पाडू शकतं. दहा-दहा मिनिटांच्या अंतराने वर दोन हात. मग दिवसभर हात लावायचा नाही. गॅरेजवाले हार्डनर मिसळून मारतात तो कोट याहून टणक असतो, पण त्याच्या वाफेत आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना फार वाईट. साध्या रुमालाने ते अडत नाही. तो घरी करायचा प्रकार नाही. आपण घासून न्यावं आणि कोट रंगकाम करणाऱ्याकडून, योग्य मास्क वापरणाऱ्याकडून मारून घ्यावा.

दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही गाडी एका गोदामाच्या पांढऱ्या भिंतीपुढे दहा मीटरवर लावली आणि डिपर दिला. काम करण्याआधी त्याच भिंतीवर नुसता पिवळा ढग पडला होता, वरपर्यंत पसरलेला. आता खाली उजेड, वर अंधार आणि मध्ये रेघ. ती रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर उतार. उजव्या दिव्याची वर होती, मागच्या स्क्रूने खाली घेतली. ढग पडलेला असताना हे कळणंच शक्य नव्हतं.

सगळेच दिवे असे सुधारत नाहीत. पाणी ओतूनही धुरकटपणा तसाच राहिला तर तो आतल्या बाजूला आहे, सील गेलंय, ओल शिरतेय. आतला रिफ्लेक्टर करपलेला असेल, किंवा प्लास्टिकच्या पोटात कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसत असतील, तर घासून उपयोग नाही. दिवा बदला. आणि नवीन गाडीचा दिवा जरासा मंद वाटतोय म्हणून पेपर घेऊन बसू नका. कंपनीचा थर शाबूत असेल तर त्याच्या तोडीचं आपल्याकडून घरी काही होत नाही.

मामा आता गाडी उलटी लावतात, तोंड घराच्या भिंतीकडे. मग दुपारचं ऊन मागच्या लाल दिव्यांवर येतं. ते पिवळे-धुरकट होणार नाहीत का, असं त्यांनी विचारलंच. मागच्या दिव्याचं प्लास्टिक बहुधा वेगळं असतं, अॅक्रिलिक. ते पॉलिकार्बोनेटपेक्षा ठिसूळ, शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडणारं (पॉलिकार्बोनेट दीडशेच्या जवळ), म्हणून पुढच्या तापणाऱ्या दिव्याला ते चालत नाही. पण अतिनील किरण ते फारसे शोषतच नाही, त्यामुळे उन्हाचं त्याला विशेष काही वाटत नाही.